१८०० ली म्हणजे किती किलोमीटर?

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, त्यामुळे मराठीत चुका सापडल्या तर सांभाळून घ्या. शाळेत ह्युएन त्संग माझ्यासाठी दोन मार्कांचा प्रश्न होता. हॉस्टेलला आल्यावर मात्र त्याच्यावरून माझं रूममेटशी भांडण झालं.

झालं असं, की मागच्या रविवारी आम्ही चौघे एसटीने भद्रावतीला गेलो. याचंच जुनं नाव भांदक. विजासन टेकडीतल्या लेण्यात सरळ बोगद्यासारखी वाट आहे आणि शेवटी अंधारात बसलेली बुद्धमूर्ती. टॉर्च मारला आणि सगळे गप्प झालो. मी म्हटलं, "ह्युएन त्संग इथंच आला होता." रूममेट गडचिरोली जिल्ह्यातला. तो लगेच म्हणाला, "इथं नाही, आमच्या वैरागडला!"

आता दोघांचे पुरावे बघू. ह्युएन त्संग सातव्या शतकात चीनच्या चांगआन, म्हणजे आजच्या शिआन शहरातून निघाला आणि ६४५ मध्ये परतला. पुढच्याच वर्षी त्याचं प्रवासवर्णन पूर्ण झालं. त्यात असं आहे, की कलिंगाहून वायव्येला डोंगर-जंगलांतून सुमारे १८०० ली गेल्यावर कोसल देश लागतो. हा कोसल दक्षिणेकडचा, अयोध्येचा नव्हे. तिथं शंभरेक विहार होते. पण राजधानीचं नावच दिलेलं नाही! सगळा घोळ इथंच आहे.

एकोणिसाव्या शतकात कनिंगहॅमने ती राजधानी चांदा-भांदक भागात शोधली. जेम्स फर्ग्युसनचा कल वैरागडकडे होता (हा वास्तुकलेचा अभ्यासक, पुण्याच्या कॉलेजला ज्यांचं नाव दिलंय ते गव्हर्नर वेगळे). म्हणजे आमचं भांडण दीडशे वर्षं जुनं निघालं.

मग आम्ही गणित मांडलं. ६ ली म्हणजे १ मैल धरला, तर १८०० ली म्हणजे ३०० मैल, साधारण ४८० किमी. ५ ली धरले, तर ३६० मैल, साधारण ५८० किमी. फरक १०० किमीचा! कनिंगहॅमप्रमाणे राजमहेंद्रीहून मोजलं, तर सरळ रेषेत भांदक अंदाजे ४५० किमी आणि वैरागड ४२० किमी. म्हणजे दोघांतला फरक ३० किमी, आणि आमच्या मोजपट्टीतच १०० किमीची चूक. पहिल्या वर्षाच्या फिजिक्स लॅबमध्ये शिकलेलं लीस्ट काउंट आठवलं. अशा पट्टीने कोणीच जिंकत नाही. शिवाय कलिंगाची राजधानी राजमहेंद्रीच होती हेही नक्की नाही, आणि आज अनेक अभ्यासक छत्तीसगडमधल्या सिरपूरचं नाव घेतात.

खरं सांगू? उत्तर भांदक यावं म्हणून मी आधी गुपचूप सहाचाच आकडा धरला होता. रूममेटने पाच धरून दाखवल्यावर वहीत दोन्ही उत्तरं लिहावी लागली.

तो भांदकला आला असो वा नसो, विजासनच्या अंधारातली ती मूर्ती तिथं आहेच. पुढच्या रविवारी वैरागडला जायचं ठरलंय. टॉर्च मीच घेणार आहे.