घाट आणि सायकलचे दाते

आम्ही छत्रपती संभाजीनगरहून सायकलने खुलताबादला निघालो. दौलताबादचा किल्ला मागे पडला, घाट लागला. मांड्या भरून आल्या. शेवटी उतरून सायकल ढकलली. दुधाच्या किटल्या लावलेल्या गड्याचे तर विचारूच नका!

आमच्या सायकलच्या पायडलाजवळच्या चक्राला 44 दाते होते. मागच्या फ्रीव्हीलला 18. पायडलाचा एक फेरा झाला, की मागचे चाक जवळजवळ अडीच फेरे घेई. आम्ही 22 दात्यांचे फ्रीव्हील बसवून घेतले. आता चाक दोनच फेरे घेते. म्हणून जोर कमी लागतो. चाल मंद होते, पण चढ बसून चढता येतो.

साखळी मात्र अपुरी पडली. दोन कड्या वाढवल्या. सपाटीवर पाय जास्त मारावे लागतात, हेही खरे. आणि उतारावर फ्रीव्हील काही आवरत नाही. तिथे ब्रेकच हवेत. घाटाआधी त्यांचे रबर पाहून घ्या.