क्रीडास्पर्धेचे वेळापत्रक आणि संगणकाची निवड

गेल्या वर्षी आंतरवर्गीय कबड्डी स्पर्धेत एका संघाला एकाच दुपारी लागोपाठ दोन सामने खेळावे लागले. दमलेला संघ दुसरा सामना हरला. दोष खेळाडूंचा नव्हता, वेळापत्रकाचा होता. म्हणून यंदा आमच्या गटाने संगणकावर वेळापत्रक करण्याचा प्रकल्प घेतला. पहिल्याच बैठकीत वाद झाला तो यंत्रावरून! कोणी महागडे ग्राफिक्स कार्ड मागितले, कोणी दसपट वेगाचा संगणक. प्रश्न केवढा आहे, हे मात्र कोणी विचारले नाही. प्रस्तुत लेखात तोच विचार मांडावयाचा आहे.

साखळी पद्धतीत प्रत्येक संघ इतर प्रत्येकाशी एकदा खेळतो. आठ संघांचे सामने २८ व फेऱ्या ७ होतात. एवढे काम कागदावरही होते. संघांची नावे समोरासमोर दोन ओळींत लिहावीत, एक नाव जागेवर ठेवावे आणि उरलेली सात दर फेरीला एकेक घर पुढे सरकवावीत. समोरासमोर येतील त्या जोड्या.

खरी अडचण अटींची आहे. मैदान एकच, कोणाची चाचणी परीक्षा, कोणाला विश्रांती हवी. सर्व अटी सांभाळणारे वेळापत्रक निवडायचे, तर पर्याय किती? फेऱ्यांचा क्रम धरून सहा संघांची वेळापत्रके ७२० होतात. आठांची ३ कोटी १४ लाख ४९ हजार ६००. दहांची सुमारे ४४५ लाख कोटी! सेकंदाला दहा लाख पर्याय तपासणारे यंत्र आठ संघांचे काम अर्ध्या मिनिटात उरकेल, पण दहांसाठी त्याला चौदा वर्षे लागतील. दसपट वेगाचे यंत्र आणले तर सतरा महिने. त्याच नव्या यंत्राला बारा संघ दिले, तर सुमारे ३२ अब्ज वर्षे! दोन संघ वाढले की पैशाने घेतलेला वेग वाया जातो.

म्हणून आधी पद्धत, मग यंत्र. अटी गणिती समीकरणांत मांडल्या, की अट मोडणाऱ्या पर्यायांच्या फांद्याच्या फांद्या न तपासता छाटता येतात. अशा कामाला एकेका गाभ्याचा वेग चांगला असलेला प्रोसेसर व पुरेशी स्मृती लागते, कारण न तपासलेल्या फांद्या लक्षात ठेवाव्या लागतात. ग्राफिक्स कार्ड एकच क्रिया हजारो आकड्यांवर एकदम करण्यात तरबेज. येथे प्रत्येक फांदीची वाट निराळी, म्हणून त्याचा उपयोग थोडा. मोठी डिस्कही नको. २८ सामन्यांची माहिती ती केवढी! उलट रात्रभर गणित चालणार असेल, तर वीज गेल्यावर काम टिकवणारी बॅटरी अधिक मोलाची.

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचे उदाहरण बोलके आहे. तेथे ३० संघ प्रत्येकी १६२, म्हणजे एकूण २,४३० सामने खेळतात. हेन्री व हॉली स्टीफन्सन या दांपत्याने दोन दशकांहून अधिक काळ, २००४ पर्यंत, हे वेळापत्रक तयार केले. संगणक हाताशी असला, तरी कोणती अट महत्त्वाची हे माणसानेच ठरवावे लागते.

आम्हीही आधी अटींची यादी केली. आठ संघांसाठी प्रयोगशाळेतील जुनाच संगणक पुरला. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. संगणक घेताना आधी पाय किती लांब आहेत, तेही मोजावे.