चाकांवरचा दवाखाना

आजारी माणूस दवाखान्यात जातो. पण दवाखानाच माणसाकडे आला तर? अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात असं घडतं, बरं का!

बॉस्टनमध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. शेजारी नामांकित इस्पितळे आहेत. तरीही १९९० च्या सुमारास त्याच शहरात कृष्णवर्णीयांची तान्ही बाळे गोऱ्यांच्या बाळांपेक्षा सुमारे तिप्पट प्रमाणात दगावत होती. इस्पितळ जवळ, मग असं का? खर्चाची धास्ती, परकी भाषा आणि 'तिथं आपल्याला नीट वागवतील का?' ही शंका. रस्ता जवळचा असला तरी मन पुढे जाईना.

डॉ. नॅन्सी ओरिऑल आणि तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या शेरिल डॉर्सी यांनी १९९२ मध्ये 'फॅमिली व्हॅन' सुरू केली. ही गाडी रॉक्सबरी, डॉर्चेस्टर अशा वस्त्यांत ठरल्या दिवशी, ठरल्या जागी उभी राहते. आधी नंबर लावायला नको, पैसे नकोत. आत रक्तदाब, रक्तातली साखर तपासतात. आजार मोठा वाटला तर कोणत्या डॉक्टरकडे जायचं ते सांगतात. कामाला वस्तीची भाषा जाणणारी माणसे असतात. विद्यापीठाचे विद्यार्थीही इथे शिकतात. माणसाचं ऐकून कसं घ्यावं, हा धडा पुस्तकात कुठला मिळायला?

रक्तदाब म्हणजे काय? हृदय रक्त ढकलते तेव्हा रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर दाब पडतो. निरोगी मोठ्या माणसात तो साधारण १२०/८० असतो. वाढला तरी बहुधा काही दुखत नाही. पण हृदय, मेंदू आणि मूत्रपिंड यांना इजा होत राहते. म्हणून तपासल्याशिवाय तो कळत नाही.

२०१० ते २०१२ या काळात सुमारे ५,९०० माणसे या गाडीत आली. पहिल्या खेपेला ज्यांचा दाब जास्त होता, त्यांतले जे पुन्हा आले त्यांचा वरचा आकडा सरासरी १०.७ ने आणि खालचा ६.२ ने उतरला. आपुलकीने सांगितलं की माणूस ऐकतो, तो असा!

विचार करा :
१) इस्पितळ जवळ असून लोक का जात नसत?
२) आजी-आजोबांना विचारा, रक्तदाब शेवटचा कधी तपासला? आठवत नसेल तर त्यांना आरोग्य केंद्रात घेऊन जा.