कोरडे डोळे आणि रात्रीचे जेल



बेर शेवाच्या कोरड्या हवेत माझे डोळे चुरचुरायचे आणि पाणीही यायचे. मग कोरडे कसे? कुपत होलीमच्या डॉक्टरांनी समजावले, "कोरडा डोळा चिडतो आणि पाणी गाळतो, पण ते पाणी डोळ्यात टिकत नाही. जेल घट्ट असते, ते जास्त वेळ टिकते."

पहिल्याच रात्री जेल घालून मी लगेच न्हाणीघराकडे निघालो. सगळे धूसर! सतरंजीत पाय अडकला. भिंत धरली म्हणून वाचलो.

आता सगळी कामे उरकून, हात धुऊन मी बिछान्यावर बसतो. खालची पापणी हलकेच ओढून एक थेंब घालतो. नळीचे टोक डोळ्याला लावत नाही. मग डोळे मिटून आडवा होतो. काचबिंदूचे थेंब असतील तर ते आधी घालावेत, जेल दहा मिनिटांनी. रात्री उठताना आधी दिवा लावावा.

डोळा दुखला, फार लाल झाला किंवा अचानक कमी दिसू लागले तर जेलवर विसंबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.