डोळे माझे नव्हते

बाहुल्या मी शिवल्या. त्यांचे डोळे मी लावलेले नाहीत. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांना अजून उलटंच वाटतं, म्हणून हे आधी सांगून टाकते.

ऑर्डर एका प्लेग्रुपची होती. गॅदरिंगला प्रत्येक मुलाला एक बाहुली, चाळीसेक नग. मांजरपाटाचं अंग, खणाचं परकर-पोलकं, काळ्या होजिअरीचे केस. लोकरीच्या वेण्या हव्यात असा हट्ट झाला होता, पण लहान मुलं लोकर चोखतात, तिचे धागे निघून तोंडात जातात. त्यामुळे मी केस नेहमी कापडाचेच करते, टोपीसारखे डोक्याच्या शिवणीत पकडून. हे त्यांनी ऐकलं. चेहऱ्याचं ऐकलं नाही.

चेहरा मी रेशीमदोऱ्याने भरते आणि त्याचे बाहुलीमागे चाळीस रुपये लावते. त्यात डोळे, भुवया, नाक, ओठ सगळं आलं. प्लेग्रुपच्या मॅडमना ते जड झालं. "अहो ताई, दोन ठिपके आणि एक रेघ, त्याचे चाळीस? मुलांना काय कळतंय!" मग दोन दिवसांनी निरोप, की चेहरे राहू द्या, आमच्या टीचर करून घेतील. मी लगेच लिहून पाठवलं: मुलं तीन वर्षांखालची आहेत, मणी, बटण, टिकली, काहीही चिकटवू नका, फॅब्रिक कलरने काढा. दोन निळ्या खुणा आल्या, वर एक अंगठाही आला. तो निरोप माझ्या फोनमध्ये अजून आहे. कुणालाही दाखवते.

गॅदरिंग झालं, फोटो झाले. मला त्यातला एकही पाठवला नाही, ते एक असो. मग एका संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोटो आला आणि खाली प्रश्न: "काकू, ही तुम्ही केलेली ना?"

परकर माझा होता. काठाला मोहरी रंगाचा काजटाका, तो मी सोडून आमच्याकडे कुणी घालत नाही. पण चेहऱ्यावर प्लॅस्टिकचा एकच डोळा. पांढरी चकती, आत सुटी काळी बाहुली, हलवली की गरगरते, तो पाकिटात मिळणारा प्रकार. दुसऱ्या डोळ्याच्या जागी गरम गोंदाचं वाळलेलं पिवळट कडं आणि त्याला चिकटलेला मांजरपाटाचा भुरका. निघालेली चकती आईने मुलीच्या गालातून काढली होती. अडीच वर्षांची मुलगी. गिळली असती किंवा घशात अडकली असती तर, हे लिहायलाही नको वाटतं.

मी फोटो मोठा करून बघत राहिले. माझ्याच हातची वस्तू, मान माझी, खांदे माझे, आणि तोंड कुणीतरी भलत्यानेच बसवलेलं. राग यायच्या आधी डोक्यात एकच आलं: चाळीस आहेत. म्हणजे ऐंशी चकत्या घराघरांत सुट्या व्हायला बसल्यात.

ताबडतोब मॅडमना फोन केला. उचलला नाही. तोवर पालकांच्या ग्रुपवर त्यांचा खुलासा येऊन गेला होता, तो त्या आईनेच मला पुढे धाडला: "बाहेरून मागवलेल्या बाहुल्या सदोष असल्याचे निदर्शनास आले असून पुरवठादाराशी बोलणे सुरू आहे." पुरवठादार म्हणजे मी! बोलणं सुरू आहे म्हणे. रात्री नऊनंतर फोन आला आणि पहिलं वाक्य काय, तर "ताई, तुम्ही तरी सांगायचं ना." मी माझा निरोप त्यांना परत पाठवला, अंगठ्यासकट. पलीकडे जरा शांतता. मग: "ते ठीक आहे हो, पण बाहुली तर तुमचीच ना?"

या वाक्यावर मी बरेच दिवस चरफडले. आता मात्र तेच धरून सांगते, कारण यात धंद्याची खरी गोम आहे. बाहुलीवर जे जे काही असेल ते लोक शिवणाऱ्याच्या नावावर लावतात. तेव्हा कोरा चेहरा घराबाहेर जाऊ देऊ नका. गिऱ्हाईक पैसे कापतंय म्हणून अर्धी वस्तू देणं परवडत नाही. ऑर्डर गेली तर जाऊ दे. चेहरा नको असेल तर मी आता साफ सांगते, की मग बाहुली नको, उशी घ्या.

आता डोळ्यांचं. तीन वर्षांखालच्या मुलासाठी डोळा दोऱ्याचाच. बटण कितीही घट्ट शिवा, दोरा चावून चावून झिजतो. मागे चकती दाबून बसवायचे जे 'सेफ्टी आईज' मिळतात ना, त्यांच्या नावावर जाऊ नका. चकती सुटत नाही, पण भोकाभोवतीचं कापड फाटतं, होजिअरीचं तर हमखास, आणि डोळा दांड्यासकट बाहेर येतो. गरम गोंद कापडाच्या वरवरच्या तंतूंनाच धरतो. ओल, लाळ, दोनदा धुणं, की पापुद्रा निघून येतो. मॅडमचं यावर उत्तर होतं, की परदेशी टेडींना नाही का बटणांचे डोळे. होते ना. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अस्वलांना बुटांची बटणं लावत. तेव्हा पुष्कळ काही चालायचं.

डोळे भरायची माझी रीत अशी. डोकं कापायच्या आधीच, अखंड कापडावर आकार आखून, रिंगमध्ये ताणून चेहरा भरायचा. बाहुली भरून झाल्यावर भरायला गेलात तर गाठी लपवायला जागा राहत नाही आणि त्या गाठीच पुढे मूल कुरतडतं. मागून पातळ मलमलीचा तुकडा लावायचा, म्हणजे काळा दोरा मांजरपाटातून दिसत नाही आणि टाक्यांना धरायला दोन थर मिळतात. सहा पदरी दोऱ्यातले तीन पदर, भरीव टाका, शेवटी गाठ न मारता मागच्या मागे त्याच जागी तीन-चार बारीक टाके. डोळे चेहऱ्याच्या मध्यरेषेच्या किंचित खाली आणि जरा लांब लांब घ्या, बाहुली लहान मुलासारखी दिसते. वर घेतलेत तर मावशी दिसते.

हात-पाय नंतर शिवून लावायचे नाहीत. आधी ते शिवायचे, भरायचे, वरचे दोन सेंटिमीटर मोकळे ठेवायचे, आणि ते मोकळं टोक धडाच्या दोन कापडांमध्ये घालून टीप मारायची. टीप बारीक ठेवा आणि तिच्या शेजारून दुसरी. सोळा नंबरची सुई लावा आणि जाड जागी मशीन न पळवता चाक हाताने फिरवा, नाहीतर सुई मोडते आणि तिचं टोक आत राहतं. मोडलेल्या सुईचे सगळे तुकडे जुळल्याशिवाय मी ती बाहुली पुढे नेत नाही. नाहीच सापडला तर बाहुली सरळ फेकते. टाचण्या रंगीत डोक्याच्या घ्या आणि काम सुरू करताना आणि संपवताना मोजा. हे कुणाला सांगावं लागू नये, पण मी प्रदर्शनात विकायला ठेवलेल्या सशाच्या कानात टाचणी पाहिली आहे. माझ्या नव्हे.

शिवण टिकते का, ते बघायला प्रयोगशाळा लागत नाही. प्रवासाच्या बॅगा तोलायचा लटकता काटा घ्या. हुकाला नाडी बांधा, नाडीचा फास बाहुलीच्या मनगटाला टाका, दुसऱ्या हाताने धड धरा आणि काटा सातवर जाईपर्यंत ओढून मनात दहा मोजा. मऊ खेळण्याच्या शिवणीची चाचणी ७० न्यूटन ताणाची असते, म्हणजे साधारण सात किलोचा ओढा. टाका किंचितही उकलला तर ती बाहुली बाद. मी प्रत्येक नव्या कापडाच्या पहिल्या बाहुलीवर हे करते, आणि खणावर तर करतेच. खण दिसतो सुंदर, पण कापल्यावर कडेने सुटतो. त्याला आतून अस्तर आणि कडेला ओव्हरलॉक नसेल तर टीप शाबूत राहते आणि कापडच तिच्यातून सरकून येतं.

सुटा भाग किती लहान असला की धोका, याचंही माप ठरलेलं आहे. ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी असते. जो तुकडा दाबल्याशिवाय तिच्यात पूर्ण मावतो तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यात चालत नाही. जुन्या कॅमेऱ्याच्या रिळाची डबी घरात पडली असेल तर ती जवळजवळ तेवढीच भरते. घुंगरू, बटण, पोलक्यावरची टिकली, सगळं तिच्यात टाकून पाहा. मॅडमच्या चकत्या तिच्यात मूठभर मावल्या असत्या.

भरण्यासाठी रिक्रॉन. शिंप्याकडच्या चिंध्या फुकट मिळतात म्हणून भरू नका, त्यात काय काय असतं ते झाडू मारणाऱ्याला विचारा. थर्मोकोलचे मणी तर नकोतच. बाळाला मोहरीची उशी चालते, मग बाहुलीत मोहरी भरली तर काय, असं एका आजींनी विचारलं होतं. उशी धुवायला टाकत नाहीत आणि बाळ तिचे पाय धरून तिला आपटत नाही. बाहुलीची शिवण उसवली तर ते दाणे नाकात जातात, आणि न उसवता भिजली तर आतल्या आत बुरसतात.

रंग जातो का हे आधी बघा. लाल आणि किरमिजी खण जास्त फसवतात. पांढरं फडकं ओलं करून कापडावर घासा. फडकं रंगलं तर ते कापड परकराला नको, कारण परकराचं टोक तोंडात जातंच.

आता आयएसआयचं, कारण त्यावरूनही मला सुनावलं गेलं. ग्रुपवरच्या एका बाबांनी, पेशाने इंजिनिअर, विचारलं की या बाहुल्यांवर आयएसआय मार्क कुठे आहे? प्रश्न रास्त होता, विचारायची तऱ्हा नव्हती. खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश २०२० सालचा, लागू झाला १ जानेवारी २०२१ पासून. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचा परवाना आणि हा मार्क बंधनकारक झाला. मऊ खेळणीही त्यातच येतात. पण विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट मिळाली, तसंच भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांनाही. ते कारागिराचं ओळखपत्र माझ्याकडे आहे. त्याचा फोटो मी त्या बाबांना पाठवला. उत्तर आलं नाही.

ज्या बायका घरी शिवून प्रदर्शनात विकतात त्यांनी हे कार्ड काढाच. 'आमचं तर घरगुती' असं म्हणून भागत नाही, विकलं की ते खेळणं झालं. आणि कार्ड आहे म्हणून वर लिहिलेलं सोडून द्यायचं, असंही नाही. सूट कागदाची आहे. मुलाचा घसा तेवढाच राहतो.

बाकी नेहमीचं सांगायचं तर निम्मे पैसे आधी घ्या, सगळं लेखी ठेवा, ओळखीत उधारी करू नका. हे सगळ्यांना माहीत असतं आणि मलाही होतं. निम्मे आधी घेतले होते, लेखीही होतं. उरलेले निम्मे अजून यायचेत. "पालकांची नाराजी गेली की बघू," असं ठरलं आहे, म्हणजे त्यांनी ठरवलं आहे. त्यामुळे वीस नगांच्या वरच्या ऑर्डरीला मी आता माल हातात देताना पूर्ण पैसे घेते. पिशवी माझ्याकडे, पैसे आले की तुमच्याकडे.

प्रत्येक बाहुलीच्या पाठीला शिवणीत कापडी पट्टीही घालते. तिच्यावर माझं नाव, कापड कोणतं, भरण कोणतं, आणि एक ओळ: चेहरा दोऱ्याचा आहे, वेगळं काही लावलेलं नाही. पट्टी चारी बाजूंनी शिवा. लोंबती ठेवली तर तीच चोखतात.

त्या चाळीसपैकी ज्या माझ्याकडे परत आल्या, त्यांचे डोळे काढून मी चेहरे भरून दिले. गोंद सहज निघत नाही, इस्त्रीने मऊ करून नखाने खरवडावा लागतो आणि खाली मांजरपाट विरतो, म्हणून कित्येकींना नवं डोकंच करावं लागलं. पालकांकडून पैसे घेतले नाहीत, त्यांचा काय दोष? त्याच आठवड्यात ग्रुपवर मॅडमचा निरोप होता: "आपल्या प्लेग्रुपतर्फे सर्व बाहुल्यांची मोफत दुरुस्ती करून मिळेल." खाली टाळ्यांचे हात आणि "थँक्यू मॅम"ची रांग.

दुरुस्ती करून दिलीत तर फुकट असली तरी पावती करा. त्यावर काय बिघडलं होतं, ते कुणी लावलेलं होतं आणि तुम्ही काय बदललं ते लिहा, खाली शून्य रुपये लिहा, आणि पावती संस्थेच्या हातात न देता थेट आईच्या हातात द्या.