लाल कंधारी

(प्रत्येक प्रदेशाची हवा, जमीन आणि पाणी वेगळे असते. तेथील जनावरेही त्या हवापाण्याला अनुरूप झालेली असतात. प्रस्तुत पाठात मराठवाड्यातील ‘लाल कंधारी’ या गोवंशाची ओळख करून दिली आहे.)

मार्च महिना संपत आला होता. शाळा सकाळची झाली होती. ‘प्राणी आणि परिसर’ हा धडा चालू असताना एका मुलाने विचारले, “सर, पुस्तकात वाळवंटातला उंट आहे. आपल्या गोरेगावात उन्हाला तोंड देणारा प्राणी कोणता?”

प्रश्न मला आवडला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मुलांना गावाबाहेरच्या एका शेतात घेऊन गेलो.

ऊन चांगलेच तापले होते. शेजारच्या शेतातील गोठ्यात एक काळी-पांढरी संकरित गाय सावलीत उभी होती, तरी ती धापा टाकत होती. तिच्या तोंडातून लाळ गळत होती. इकडे बांधावर एक गडद लाल रंगाची गाय उन्हातच चरत होती. तिचे कपाळ रुंद, कान लांब व लोंबते आणि डोळ्यांभोवती काळे वर्तुळ होते. शेतमालक लिंबाच्या सावलीत बसले होते. मुले त्यांना ‘मामा’ म्हणत.

“पोरांनो, ही आमची लाल कंधारी,” मामा म्हणाले.

“कंधार म्हणजे अफगाणिस्तानातलं का?” एकाने विचारले.

मामा हसले. “नाही रे बाळा! आपल्या नांदेड जिल्ह्यातलं कंधार. किल्ला आहे ना तिथं, ते.”

मामांचे म्हणणे बरोबर होते. कंधार तालुक्यावरून या गोवंशाला हे नाव पडले. नांदेड, परभणी, लातूर आणि हिंगोली या जिल्ह्यांत ही जनावरे आढळतात. मराठवाड्याचा दुसरा प्रसिद्ध गोवंश म्हणजे लातूर जिल्ह्यातील देवणी. महाराष्ट्रात यांच्याशिवाय खिलार, डांगी, गवळाऊ असे गोवंशही आहेत. प्रत्येकाचा प्रदेश वेगळा आणि गुणही वेगळा. डांगी सह्याद्रीच्या मुसळधार पावसात टिकते, तर लाल कंधारी मराठवाड्याच्या उन्हात.

“सर, या गायीला ऊन लागत नाही का?” मुलांनी विचारले.

मी सांगितले, “लागते, पण अंगातली उष्णता बाहेर टाकायची सोय तिच्याकडे चांगली आहे. आपल्याला घाम येतो. तो वाळताना उष्णता घेऊन जातो. आपल्या देशी गायींच्या कातडीत घामाच्या ग्रंथी मोठ्या आणि भरपूर असतात. केस आखूड व चकचकीत असतात. कातडी सैल असते. केसांखालच्या काळसर कातडीमुळे कडक उन्हापासून बचाव होतो.”

“आणि वशिंडात पाणी साठवलेलं असतं ना?” मागून आवाज आला.

“नाही. उंटाच्या मदारीत पाणी नसते, तसे वशिंडातही नसते. वशिंड हे स्नायू आणि चरबी यांचे बनलेले असते.”

तेवढ्यात एका मुलीने मामांना विचारले, “मामा, ही दूध किती देते?”

“दोन्ही वेळचं मिळून तीन लिटर. कधी थोडं जास्त, कधी कमी.”

“एवढंच? शेजारची गाय तर पंधरा लिटर देते. मग तुम्ही तशी का घेत नाही?”

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “घेतली होती. तिला हिरवा चारा, पेंड आणि भरपूर पाणी लागायचं. एका उन्हाळ्यात बोअर आटली. चारा महागला. दूध निम्म्यावर आलं. शेवटी मिळेल त्या भावात विकली. मात्र ती गाय वाईट नाही, पोरांनो. ज्याच्याकडं बारमाही पाणी आहे, त्यानं ती जरूर पाळावी. शेजाऱ्याच्या दोन मुली तिच्या दुधावरच कॉलेजात शिकतात.”

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. जास्त दूध देणारी गाय जास्त खाते. खाल्लेल्या अन्नाचे दूध होताना तिच्या शरीरात उष्णताही जास्त तयार होते. थंड देशात तिला त्याचा त्रास होत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात होतो. मग ती कमी खाते आणि तिचे दूध घटते. लाल कंधारी एका वेतात सरासरी ६०० किलोच्या आसपास दूध देते. तिच्या अंगात उष्णता कमी तयार होते. म्हणजे तिचे दूध कमी असण्याशी तिच्या काटकपणाचाही संबंध आहे.

या गोवंशाचा खरा उपयोग शेतीच्या कामात होतो. लाल कंधारीचे बैल नांगर, वखर आणि तिफण ओढतात, गाडीला जुंपले जातात. पीक उभे असताना ओळींच्या मधून कोळपे चालवायला बैलच सोयीचे पडतात. वाळलेल्या कडब्यावरही ते गुजराण करतात. त्यांच्या शेणखताने जमिनीचा कस वाढतो.

मामा सांगू लागले, “१९७२ च्या दुष्काळात मी तुमच्याएवढा होतो. कडबा संपला. आमच्या वडिलांनी छपरावरचं गवत काढून बैलांना घातलं. आम्ही उघड्या छपराखाली झोपलो. बैलांची हाडं दिसू लागली, पण जोडी जगली. पुढच्या वर्षी पाऊस आला, तेव्हा त्याच जोडीनं पेरणी केली. जोडी गेली असती, तर आम्हीही गाव सोडून गेलो असतो.”

सगळी मुले शांत झाली.

भारतीय गायींच्या या गुणाची जगानेही पारख केली. आंध्र प्रदेशातील ओंगोल गोवंश ब्राझीलमध्ये गेला. तेथे तो ‘नेलोर’ या नावाने सर्वत्र पसरला. अमेरिकेच्या उष्ण भागात ‘ब्राह्मन’ नावाचा गोवंश तयार झाला. त्यासाठी गीर, कांकरेज, ओंगोल यांच्याबरोबर आपल्या सांगली-कोल्हापूरकडील कृष्णा खोऱ्याचा गोवंशही वापरला गेला.

आपल्या देशात मात्र देशी जनावरे कमी होत आहेत. २०१९ च्या पशुगणनेत, २०१२ च्या मानाने देशी गोवंश सुमारे ६ टक्क्यांनी घटला. संकरित व विदेशी जनावरे सुमारे २७ टक्क्यांनी वाढली. नांगरटीला ट्रॅक्टर आला. बैल पाळणे लहान शेतकऱ्याला परवडेनासे झाले.

निघताना मामा म्हणाले, “सर, गाय आहे, पण गावात लाल कंधारीचा वळू उरला नाही. जातिवंत वळू पाहायला मी माळेगावच्या यात्रेला जातो. वळूच नसेल, तर या रंगाची वासरं कुठून येतील?”

माळेगावची यात्रा नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात भरते. तेथे जनावरांचा मोठा बाजार व प्रदर्शन असते. शेतकरी निवडून जातिवंत जनावरे पाळतात, म्हणूनच गोवंश टिकतो. एकदा तो संपला, की पैसे देऊनही परत मिळत नाही.

परतताना प्रश्न विचारणारा मुलगा माझ्याजवळ आला. “सर, उंटाच्या चित्राखाली मी लाल कंधारीचं चित्र काढू का?”

मी म्हणालो, “जरूर काढ. आणि डोळ्यांभोवतीचं काळं वर्तुळ विसरू नकोस.”

शब्दार्थ
अनुरूप – साजेसा, जुळणारा
वशिंड – बैलाच्या किंवा गायीच्या पाठीवरील उंचवटा
संकरित – दोन वेगळ्या जातींपासून तयार झालेले
वेत – गायीचे एकदा विणे
काटक – कष्ट सहन करणारा
कडबा – ज्वारीची वाळलेली ताटे
गुजराण – निर्वाह
वळू – पैदाशीसाठी राखलेला नर

स्वाध्याय
१. ‘लाल कंधारी’ हे नाव कशावरून पडले?
२. देशी गायी उन्हाळ्यात का टिकतात? तीन कारणे लिहा.
३. मामांनी संकरित गाय का विकली? तरीही ते तिला वाईट का म्हणत नाहीत?
४. ‘गुजराण’ व ‘जरूर’ हे शब्द उर्दूत कोणत्या रूपात वापरतात ते लिहा.
५. घरातील वडीलधाऱ्यांना दुष्काळाची आठवण विचारा व ती मराठीत आठ-दहा ओळींत लिहा.