‘आउटडोअर’ : अर्थ व उपयोग

इंग्रजीच्या पाठात ‘आउटडोअर’ हा शब्द आला की पुष्कळदा ‘उघड्यावर’ हा एकच प्रतिशब्द फळ्यावर लिहिला जातो. मग विद्यार्थी ‘आउटडोअर गेम्स’ म्हणजे ‘उघड्यावरचे खेळ’ असे लिहितो. अर्थ कळतो, पण मराठी बिघडते. म्हणून हा शब्द प्रसंगानुसार शिकवावा.

१. घडण : ‘आउट’ म्हणजे बाहेर व ‘डोअर’ म्हणजे दार. दाराबाहेरचे ते ‘आउटडोअर’. त्याच्या उलट ‘इनडोअर’. हे विशेषण असून नामापूर्वी येते. ‘आउटडोअर्स’ हे क्रियाविशेषण होय : ‘द चिल्ड्रन आर प्लेइंग आउटडोअर्स’, म्हणजे मुले बाहेर खेळत आहेत. येथील ‘स’ अनेकवचनाचा नव्हे, हे आवर्जून सांगावे.

२. प्रसंगानुसार अर्थ : खो-खो व कबड्डी हे मैदानी खेळ; कॅरम व बुद्धिबळ हे बैठे खेळ. रुग्णालयातील ‘आउटडोअर’ म्हणजे बाह्यरुग्ण विभाग. तेथील रुग्ण छपराखालीच तपासला जातो. तो दाखल न होता घरी परततो, एवढाच अर्थ. गोरेगाव येथे १९७७ साली चित्रनगरी उभी राहिली. चित्रपटव्यवसायात स्टुडिओबाहेरील चित्रीकरणास ‘आउटडोअर’ म्हणतात.

३. दार व अंगण : इंग्रजी शब्द दाराशी दोनच भाग पाडतो. मराठीत दार आणि रान यांच्यामध्ये ओसरी, पडवी, ओटा, अंगण व परसू असे कितीतरी टप्पे आहेत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. त्यांपैकी अनेकांपुढे ओसरी व अंगण कोरलेले आहे. सहलीच्या वेळी मुलांना तेथे उभे करून विचारावे : ही ओसरी इनडोअर की आउटडोअर? उत्तरापेक्षा त्यावरील चर्चा अधिक मोलाची ठरेल.

४. उघडे व मोकळे : आकाश एकच, पण शब्द दोन. ‘संसार उघड्यावर पडला’ यात निराधारपणा आहे. ‘मोकळ्या हवेत फिरला’ यात स्वेच्छा व सुख आहे. रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९०१ साली शांतिनिकेतनात शाळा सुरू केली. तेथे वर्ग झाडांखाली भरत. ते वर्ग मोकळ्या हवेतील होत. याउलट, खोली नाही म्हणून मुले उन्हात बसत असतील, तर ती उघड्यावर बसली आहेत. पहिल्यास ‘उघड्यावर’ म्हणणे अन्याय होय. दुसऱ्यास ‘मोकळ्या हवेत’ म्हणणे उणीव झाकणे होय. शाळेचा अहवाल लिहिताना हा भेद विसरू नये. जी गोष्ट ‘मोकळी हवा’ म्हणून नोंदली गेली, तिच्यासाठी छप्पर कोण मागणार?

हा भेद वर्गातही जपावा. पावसात घर पडलेल्या मुलाने ‘आम्ही उघड्यावर आलो’ म्हटले, तर त्याच्या वाक्याचे भाषांतर ‘आउटडोअर’ने होणार नाही. तेथे ‘होमलेस’ हाच इंग्रजी शब्द खरा.

सराव : योग्य शब्द योजा (मैदानी, उघड्यावर, मोकळ्या हवेत).
(अ) शनिवारी चित्रकलेचा तास टेकडीवर, —— झाला.
(आ) आग लागल्याने दहा कुटुंबे —— आली.
(इ) मुलुंड व घाटकोपर येथील मुलांचे —— सामने अंधेरीस झाले.